कोंबडेबाई

आमच्या कुंभारवाडा गावच्या सरकारी दवाखान्यात कुणी ताप घेऊन जावो, खोकला घेऊन जावो की पायात मोडलेला काटा घेऊन जावो, नर्सबाई पहिला प्रश्न एकच विचारायच्या. "सकाळी कोंबडा आधी उठतो की तुम्ही आधी?" काटा काढून घ्यायला आलेला माणूस आधी पायाकडे बघायचा, मग बाईंकडे. एकदा एका म्हाताऱ्याने सांगितलं, "बाई, आमचा कोंबडा उदमांजरानं नेला. शेजाऱ्याचा चालंल काय?" बाई इतक्या हसल्या की हातातला चिमटा खाली पडला आणि तो पुन्हा उकळत ठेवावा लागला.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे. पण आमच्या वाड्यावस्त्यांवर ते कुणी कधी घेतलं नाही. पहिल्या पावसाळ्यातच त्यांची कोंबडेबाई झाली. मीही इथे त्यांचं नाव घेणार नाही. त्या नावाला माझ्यामुळे एकदा डाग लागला आहे, तेवढा पुरे झाला.

प्रश्नामागे कारण होतं. आमच्याकडे तेव्हा घड्याळं दोनच, एक दवाखान्यात आणि एक मी नोकरीला होतो त्या लाकडाच्या डेपोत. किती वाजता जाग येते, असं विचारून उपयोग नव्हता. कोंबडा मात्र घरोघर होता. बाई इथे येण्याआधी पुष्कळ वर्षं देशावरच्या एका शहरात, वेड्यांच्या इस्पितळात नर्स होत्या. त्या मला म्हणायच्या, "पडल्यावर तासन् तास डोळा लागत नाही, छाती धडधडते, तो काळजीवाला. त्याचं दुखणं निराळं. पण ज्याला झोप लागते आणि मग कोंबड्याच्या किती तरी आधी जाग येते, आणि ती सकाळ ज्याला दगडासारखी जड वाटते, त्याचं मन दमलेलं असतं. अंगाला ताप येतो तसा मनाला शीण येतो." वेडा हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. दमलेला, एवढंच म्हणायच्या.

इस्पितळाची नोकरी सोडून या रानात का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. डेपोतून घरी जाताना वाटेत दवाखाना लागायचा, आणि बाईंना बोलायला कुणी तरी हवंच असायचं. त्या म्हणाल्या, "तिथं माणसं यायची ती सगळ्यांचे सगळे उपाय संपल्यावर. दोरखंडानं बांधून आणायची. मला वाटलं, ही माणसं त्याच्या आधी कुठं असतात ते बघून यावं." मग हसून म्हणाल्या, "ती इथंच असतात. कुळीथ पेरत."

कुळथावरून आठवलं. रोग्याच्या समोर त्या कधी बसत नसत. दवाखान्याच्या पडवीत त्याच्या शेजारी बसायच्या, दोघांची तोंडं अंगणाकडे, आणि मध्ये कुळीथ भरलेलं सूप. "निवडा की माझ्याबरोबर. सुम्म नुसतं बसून काय करायचं?" समोर बसलं की माणूस उत्तरं देतो, शेजारी बसलं की बोलतो, असं त्यांचं म्हणणं. पण बोलणं ऐकताना त्यांचं लक्ष त्याच्या बोटांवर असायचं. काळजीवाला भराभरा निवडायचा आणि खडे तसेच ठेवायचा; निवडलेलंच पुन्हा निवडायला घ्यायचा. दमलेल्या मनाचा माणूस एक दाणा उचलायचा आणि तो बोटांत धरून बसायचा. संध्याकाळी त्याच कुळथाचं कढण व्हायचं. दाताखाली खडा आला की बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "सकाळी काळजीवाला आला होता बघ."

त्या चुकतही. कॅसलरॉककडून येऊन इथे मजुरीला राहिलेल्या एका बाईला त्यांनी दमलेल्या मनाची ठरवलं, कितीतरी दिवस शेजारी बसवून तिच्याकडून कुळीथ निवडून घेतले. शेवटी दर गुरुवारी सुप्याहून, तालुक्याच्या गावाहून, येणाऱ्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढली तर आत कागदासारखं पांढरं. पोटात जंत, अंगात रक्त नाही. लोहाच्या गोळ्यांवर ती बाई पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन चालू लागली. कोंबडेबाई ही गोष्ट स्वतःच येईल त्याला सांगायच्या. "माझ्याकडं एकच चष्मा. त्यातनं सगळं जग उदास दिसतं." त्यानंतर प्रश्न विचारण्याआधी त्या माणसाची पापणी बघायला लागल्या.

स्वतः मात्र कुठेही झोपायच्या. जेवण झालं की पडवीतल्या बाकावर आडव्या, आणि घोरणं असं की रस्त्यावरचा बैल थबकावा. मी कधी थट्टा केली तर म्हणायच्या, "दुसऱ्याची झोप विचारणाऱ्यानं आपली राखली पाहिजे. न्हाईतर लोक म्हणतील, बाई आपलंच दुखणं वाटत फिरते."

त्यांची एक गोष्ट मात्र लोकांना खपायची नाही. मन दमलंय असा संशय आला की त्या सरळ विचारायच्या, "मरावंसं वाटतं काय?" आवाज न चढवता, भूक लागते काय विचारावं तसं. घरच्यांच्या अंगावर काटा यायचा. असलं अभद्र का विचारता म्हणून एकजण भांडायलाही आला होता. बाई त्याला म्हणाल्या, "विचारल्यानं कुणी मरत न्हाई हो. त्याच्या मनात असेल तर ते एकट्यानं वागवून तो थकलेला असतो. दुसऱ्यानं हात लावला की ओझं थोडं खाली ठेवतो." आणि मग घरच्यांना बाजूला घेऊन, याला एकटं सोडायचं नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगायच्या.

इथवर लिहिलं ते सोपं होतं. बाईंवर लिहायचं तर आण्णाला टाळता येत नाही, आणि आण्णा आला की मला स्वतःला टाळता येत नाही.

आण्णा माझा थोरला भाऊ. आमचं घर मूळचं खानापूरकडचं, पण आजोबांपासून इथे शेती करून राहिलेलं. शिमग्यात आण्णाने ढोल गळ्यात अडकवला की पलीकडच्या वाडीतली माणसं आवाजावरून ओळखायची. तो आण्णा एका पावसाळ्यात बोलायचा थांबला. काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, गुरं धड होती, पीक धड होतं. तो ताटातला भात चिवडत बसायचा, त्याचे कपडे त्याला ढगळ व्हायला लागले, आणि अंधार असतानाच उठून तो उंबऱ्यावर बसलेला असायचा. वहिनी मला म्हणाली, "भावजी, ह्यास्नी काय तरी होतंय." मी म्हणालो, "हुईल बरं." मला डेपोत जायची घाई होती.

भाताला दाणा भरायला लागला की आमच्याकडे रात्री राखण असते. शेताच्या मधोमध लाकडी माळा बांधायचा, त्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा, आरोळ्या द्यायच्या, नाहीतर रानडुकरं आणि गवे एका फेरीत वर्षाचं अन्न तुडवून जातात. घरटी पाळी ठरलेली. आमच्या घरची पाळी मी आणि आण्णा वाटून घ्यायचो. त्या वर्षी मी म्हणालो, "आण्णा, तुला न्हाईतरी झोप लागत न्हाई. माझी पाळी तू कर. मला सकाळी डेपो हाय." त्याने मान हलवली. तेव्हा तो सगळ्यालाच मान हलवायचा.

त्या हंगामात आमच्या वाडीच्या शेतात डुकराचं पाऊल पडलं नाही. दुसरे राखणदार पहाटे पेंगायचे आणि जनावरं ती वेळ साधायची; आण्णाला पहाटे टक्क जाग. ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली. मग शेजारचे माझ्याकडे आले. आण्णाकडे नाही, माझ्याकडे. आमची पाळी तुमच्या आण्णाने केली तर पुढच्या लावणीला आम्ही तुमच्या शेतात येऊ, असं ठरलं. ठरवलं मी. आण्णा दिवसाचं काम करू शकत नव्हता, मी डेपोत. शेत पडीक राहिलं असतं. त्याऐवजी दुसऱ्या वर्षी आमची लावणी गावाने केली, आणि दाणा भरला तसा आण्णा रोज रात्री एकटा माळ्यावर. लोक त्याला मान द्यायला लागले. नव्या भाताचे पहिले पोहे आमच्या घरी यायला लागले. देवानेच याला जागता ठेवलाय, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. मीही ते ऐकून मान डोलवायचो, आणि रात्री अंथरुणावर पडलो की मला लगेच झोप लागायची.

कोंबडेबाईंना आण्णाचा पत्ता लागला तो या कौतुकातूनच. आमच्या वाडीचे प्रमुख गावकरमामा गुडघेदुखीचं औषध आणायला गेले होते. बाईंनी त्यांना कोंबड्याचा प्रश्न विचारला. मामा छाती फुगवून म्हणाले, "आमचं सोडा बाई. आमच्या वाडीत एक राखण्या हाय, तेला झोपच न्हाई! दोन सालं झाली, कोंबडा तेच्या तोंडाकडं बघून आरवतोय."

मी तिथेच होतो. बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली. हसल्या नाहीत. "कुणाचा कोण?" त्यांनी विचारलं. मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यो बसलाय की तेचा भाऊ."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. एवढे दिवस मी त्यांच्या पडवीत बसून दमलेल्या मनाची लक्षणं ऐकत होतो, खड्याच्या विनोदाला हसत होतो. घरातल्या आण्णाविषयी एक शब्द बोललो नव्हतो. मला कळलंच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. थोडं कळलं होतं. पण आण्णा बरा झाला तर राखण कोण करणार, हे त्याहून जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या सूप घेऊन आमच्या अंगणात आल्या. आण्णाची पापणी बघितली, नखं बघितली, मग शेजारी बसल्या. आण्णाने एक दाणा उचलला आणि बोटांत धरला.

"आण्णा, कोंबडा आधी की तुम्ही आधी?"

आण्णा बऱ्याच वेळाने म्हणाला, "कोंबडा लई उशिरा उठतोय बाई."

"सकाळी काय वाटतं?"

"सगळं माझ्यामुळं झालंय असं वाटतंय."

"काय झालंय?"

"सगळंच."

"कुणाचं वाईट केलंत? एक नाव सांगा."

आण्णा नाव शोधत राहिला. त्याला एकही सापडेना. सगळं जग त्याने बिघडवलं होतं आणि त्यात दुखावलेला एकही माणूस नव्हता.

"मरावंसं वाटतं काय?" बाईंनी विचारलं. वहिनीने पदर तोंडाला लावला.

"माळ्यावरनं कधी कधी खाली बघत ऱ्हातो," आण्णा म्हणाला. "तेवढ्यात डुक्कर येतंय. मग डबा वाजवाय लागतो."

निघताना बाई मला गोठ्यामागे घेऊन गेल्या. मी आधीच बोलायला लागलो, की राखणीनेच त्याला धरून ठेवलंय, त्याच्या जिवाला एक काम आहे. बाई म्हणाल्या, "आजवर धरलं असंल. आता रात्रीच्या रात्री एकटा उंचावर बसवून त्याचं उरलंसुरलं संपवतोयस. आजपासून माळा बंद." मी म्हणालो, "बाई, दाणा भरलाय. कापणी होऊ दे." त्यांनी विचारलं, "कुणाची कापणी?"

गुरुवारी डॉक्टरांनी आण्णाला तपासलं. इस्पितळात न्यायला हवं का, यावर दोघं बोलले, आणि घरात माणसं आहेत, नजर ठेवतील, म्हणून आधी घरीच औषध द्यायचं ठरलं. नव्या गोळ्या तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. बाईंनी ओळखीने जुन्या इस्पितळातून मागवल्या. कोजागरीच्या सुमाराला गोळी सुरू झाली. बाईंनी मला आणि वहिनीला समोर उभं करून सांगितलं, "दिवाळीपर्यंत काही फरक दिसणार न्हाई. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार न्हाई, मला शिव्या द्याल. द्या. गोळी सोडू नका. आणि एक ध्यानात धरा. उतार पडायला लागतो तेव्हा हातापायांत बळ आधी येतं, मन मागनं येतं. तेव्हा तर याला क्षणभर एकटं सोडायचं न्हाई."

यातलं मी माझ्या सोयीचं एक वाक्य उचललं. दिवाळीपर्यंत काही फरक पडणार नाही. मग तोवर राखण करायला काय हरकत? गोळी लागू पडेपर्यंत त्याला झोप येणारच नाही. दिवाळीला कापणी सुरू होईल, मग झोपू दे हवा तेवढा. वहिनीने विचारलं, "बाई नको म्हणाल्या न्हवं?" मी म्हणालो, "दिवाळीपातूर चालंल म्हणाल्यात." वहिनीने विश्वास ठेवला. आण्णाने मान हलवली आणि काठी घेऊन शेताकडे गेला.

गोळीने दिवाळीची वाट पाहिली नाही. दिवाळी तोंडावर आली होती. उजाडताना वाडीत ओरडा झाला म्हणून आम्ही धावत शेतात गेलो. रात्रीतून गव्यांचा कळप आणि मागोमाग डुकरं येऊन गेली होती. लोंब्यांनी लवलेलं भात चिखलात दडपलं होतं, एका घरचं नाही, सगळ्या वाडीचं. आणि माळ्यावर आण्णा झोपला होता. एका कुशीवर, डबा पोटाशी धरून, तोंड थोडं उघडं. वहिनी शिडीवरून वर चढली. आम्हाला वाटलं ती त्याला उठवणार. तिने फक्त त्याच्या श्वासाला कान लावला आणि तशीच थांबली. भोवताली लोक कपाळ बडवून घेत होते आणि ती माझ्या भावाची झोप ऐकत होती.

गावकरमामांनी काठीने माळ्याचा खांब वाजवला. आण्णा उठला. त्याने शेत पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "बघा," तो म्हणाला, "मी सांगत व्हतो न्हवं, सगळं माझ्यामुळं हुतंय." आजाराने त्याला जे खोटं सांगितलं होतं ते मी त्याला खरं करून दाखवलं.

निरोप गेला तशा बाई दुपारी चालत आल्या. सगळी वाडी शेताच्या बांधावर बसली होती. बाईंनी विचारलं, "याला माळ्यावर कुणी पाठवलं?"

 काहींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आम्ही नको म्हटलं व्हतं. आण्णाच ऐकला न्हाई. आपल्या मनानं गेला."

हे मी आण्णाच्या समोर बोललो. आण्णा दोन हात लांब बसला होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हय. मीच गेलो." तो खोटं बोलत नव्हता. त्या दुखण्यात त्याला स्वतःवर आलेला कुठलाही आरोप खराच वाटत होता. तो आरोप मी त्याच्या ओंजळीत टाकला आणि त्याने घेतला.

बाईंना कळलं.  त्या चिखलात आण्णाच्या शेजारी बसल्या आणि हळू विचारलं, "आण्णा, झोप कशी लागली?"

"लागली बाई," आण्णा म्हणाला. "लई गाढ लागली." आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो रडायला लागला.

"मग अर्धं काम झालं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

आता त्याला घरी ठेवणं बाईंना धोक्याचं वाटलं. डेपोच्या लाकडाच्या ट्रकमधून आम्ही त्याला कॅसलरॉकला नेलं आणि तिथून रेल्वेने बाई स्वतः त्याला आणि वहिनीला त्या मोठ्या इस्पितळात पोचवायला गेल्या. गाडी सुटायच्या आधी फलाटावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुंडलिक, आता त्याला सगळं आपलंच चुकलं असं वाटतंय. ज्या दिवशी तो तुझ्यावर चिडेल, त्या दिवशी समज, बरा झाला." शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

इकडे वाडीने आपला निवाडा केला. राखण्याला बाईने गोळ्या चारून झोपवला, असं सगळीकडे झालं. काटा रुतला तरी लोक दवाखान्यात जाईनात. बाई रस्त्याने चालल्या की पोरं मागून कोंबड्यासारखी आरवायची, आणि थोरं ऐकून हसायची. ज्या प्रश्नाने त्या माणसं शोधत होत्या तोच प्रश्न लोक त्यांच्या तोंडावर फेकायला लागले. एका कुडाच्या झोपडीच्या दारात एक बाळंतीण टक लावून बसलेली बाईंनी पाहिली, तर सासूने दार लावून घेतलं. ती बाळंतीण पुढे आपोआप सावरली, पण ते नशीब. गावकरमामा तालुक्याला जाऊन साहेबापुढे तक्रार करून आले. जाण्याआधी त्यांनी वाडीची बैठक घेतली होती. मी बैठकीत होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी जमिनीवरची काडी उचलून तिचे तुकडे करत बसलो.

आण्णा शिमग्याच्या आधी परत आला. तिथे त्याला विजेचे झटके दिले होते, गोळ्या चालू होत्या. काही गोष्टी विसरत होता, पण भात मागून घेत होता. शिमग्यात त्याने ढोल गळ्यात घेतला, थोडा वाजवला आणि दुसऱ्याला दिला. मी वाट बघत होतो. तो माझ्याशी गोड बोलला की मी काही तरी काम काढून उठून जायचो.

लावणीच्या दिवसांत एका सकाळी तो न्याहारीला बसला होता. वाडीतलं कुणी लावणीला आलं नव्हतं. माझा करार मोडला होता. मी म्हणालो, "आण्णा, औंदा लोक न्हाई येणार. काय करायचं?" आण्णाने भाकरी खाली ठेवली. "लोक का न्हाई येणार?" तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला, ढोलासारखा. "मला माळ्यावर कुणी धाडलं रं? बाई नको म्हणाली व्हती. तू धाडलंस! आन् साऱ्या गावापुढं माझ्या तोंडावर खोटं बोललास!" कोपऱ्यात तोच राखणीचा डबा पडला होता. त्याने तो उचलून मला मारला. माझ्या भुवईवर खोक पडली. वहिनी चुलीपासून उठून आली, माझं रक्त बघितलं, आण्णाचं लाल झालेलं तोंड बघितलं, आणि तिला हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

मी तसाच दवाखान्यात पळत गेलो. "बाई, आण्णा चिडला!"

बाईंनी खोक धुतली, टाका घातला. "काय काय म्हणाला? सगळं सांग." मी शब्दन् शब्द सांगितला. त्या ऐकत गेल्या, चेहरा उजळत गेला. "खरं बोलला की सगळं," त्या म्हणाल्या. "बरा झाला गं बाई, बरा झाला." हे त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग मी मला हवं होतं ते काढलं. म्हणालो, "बाई, माझं मन मला खातंय. कशात लक्ष लागत न्हाई. मला पण त्या गोळ्या द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत जाऊन सूप आणलं आणि माझ्या शेजारी बसल्या. "निवड."

मी निवडायला लागलो. "कोंबडा आधी की तू आधी?"

खोटं सांगावं असं वाटलं. पण त्या बाईपुढे एकदा बोललेलं खोटं अजून पचलं नव्हतं. "कोंबडा," मी म्हणालो.

"पडल्यावर?"

"लगेच लागते."

"जेवण?"

"जातंय."

"कुणाचं वाईट केलंस? नाव सांग."

"आण्णाचं," मी म्हणालो. "वहिनीचं. आणि तुमचं."

बाईंनी सूप थोडं तिरपं करून बघितलं. सगळे खडे एका बाजूला आले होते, एकही दाणा बोटांत अडकला नव्हता. "स्वच्छ निवडलंस," त्या म्हणाल्या. "आणि नावंही धडाधड सांगितलीस. तुला आजार न्हाई, पुंडलिक. तुझं हे खरंच आहे. त्याला माझ्याकडं गोळी न्हाई."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? आजार असता तर सांगितलं असतं." त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. सुपात आणखी ओंजळभर कुळीथ ओतले आणि आम्ही दोघं तिन्हीसांजेपर्यंत निवडत बसलो.

त्यांची बदली पावसाळा सरताना झाली. निरोप द्यायला आम्हीच तिघं. बाकी काही लोक नुसते बस बघायला उभे होते. ट्रंक आण्णाने उचलून वर टपावर चढवली. बाई खिडकीशी बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय आण्णा, कोंबडा आधी की तुम्ही आधी?"

"कोंबडा बाई, कोंबडा!" आण्णा ओरडला. "कोंबडा वरडतोय, बायको वरडती, तरी उठत न्हाई!"

बघायला उभे असलेलेही हसले. बाईही हसल्या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी वाट बघत होतो, मलाही विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं नाही. हात तेवढा हलवला. बस अणशीच्या बाजूला वळून झाडांत शिरली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी गावकरमामांना आणि तिथल्या लोकांना सांगितलं, की आण्णाला मी धाडलं होतं, बाईंनी बंद करायला सांगितलं असताना धाडलं.  मामा म्हणाले, "ह्ये बस जायच्या आदी बोलाय काय झालं व्हतं तुला?"   बाईंना ते कधी कळलं का, मला ठाऊक नाही.

त्या वर्षापासून आमच्या घरची राखण मी करतो, माझी पाळी आणि आण्णाचीही. माझेही केस पिकायला लागलेत. पहाटे डोळे मिटायला लागतात, मग उठून उभा राहतो आणि डबा बडवतो. त्या डब्याला माझ्या भुवईवर आपटून पडलेला पोचा अजून आहे. वाडीतला पहिला कोंबडा आरवतो तेव्हा मी खाली उतरून घरी येतो. आण्णा घोरत असतो. मी त्याच्या पलीकडे आडवा होतो, आणि दर वेळी वाटतं, आज तरी डोळा लागणार नाही. पण पडल्या पडल्या झोप लागते. बाईंचं निदान अजून चुकलेलं नाही.